पाळणा आणि रणगीत

या सदरांत आम्ही आजवर बहुधा पोथ्यापुस्तकांविषयीं, मुलांच्या पाठांतराविषयीं आणि क्वचित् घरगुती रीतिभातींविषयीं लिहीत आलों. आज मात्र एका गाण्याच्या तबकडीविषयीं लिहिण्याचें मनांत आहे. निवृत्त पंतोजीनें तबकडीची शिफारस करावी, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु जी वस्तु घरोघरीं आहे आणि जिचा थोडाच भाग लोकांच्या परिचयाचा आहे, तिची नव्यानें ओळख करून देणें हें शिक्षकाचें जुनेंच काम आहे. आणि या तबकडीचें तर आम्ही स्वतः एक प्रकारें देणें लागतों.

ती तबकडी म्हणजे ‘शिवकल्याण राजा’. श्रीशिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास १९७४ सालीं तीनशें वर्षें पूर्ण झालीं, त्या निमित्तानें ती निघाली. गायिका लता मंगेशकर, चाली हृदयनाथ मंगेशकर यांच्या आणि निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचें. कवि मात्र एक नव्हे. समर्थ रामदास आणि कविराज भूषण हे महाराजांच्याच काळांतले. गोविंदाग्रज, सावरकर आणि कुसुमाग्रज हे आपल्या विसाव्या शतकांतले. तीनशें वर्षांच्या अंतरावरच्या कवींना एका पंक्तीस बसवून एकाच राजाविषयीं बोलतें करावयाचें, अशी ही योजना आहे. मराठींत तबकड्या शेंकड्यांनीं निघाल्या. पण एवढी मोठी पंगत एका पानावर मांडण्याचें धाडस फार थोड्यांनीं केलें असेल.

वाचक म्हणतील, “अहो, हिची उपेक्षा कोठें झाली? शिवजयंतीला चौकाचौकांत हीच तर वाजते!” वाजते खरी, पण काय वाजतें, तें पाहावें. कर्ण्यावरून ‘वेडात मराठे वीर’ हें गाणें लागतें, तें संपलें कीं पुन्हां तेंच लागतें. फार तर ‘निश्चयाचा महामेरू’ लागतें. गोविंदाग्रजांचा पाळणा कोणत्याही मिरवणुकींत आम्हीं ऐकलेला नाहीं. पूर्वीं निदान तबकडी यंत्रावर ठेविली कीं ओळीनें सारें ऐकावें लागे. पुढें फिती आल्या, त्यानंतर खिशांतलीं यंत्रें आलीं, आणि आतां ज्याला जें गाणें हवें तेंच तो बोटानें वेंचून घेतो. महाभारतांतून केवळ युद्धपर्वें फाडून घ्यावीं आणि ‘आम्हीं महाभारत वाचलें’ म्हणावें, तशांतला हा प्रकार आहे. ज्याचा लौकिक मोठा, पण जें पुरतें ऐकलें जात नाहीं, तेंही उपेक्षितच होय, असें आमचें मत आहे.

आमच्या ओझरच्या घरीं ही तबकडी आली तेव्हां आम्ही पंधरा वर्षांचे होतों. मॅट्रिकचा अभ्यास चालूं होता, आणि पहाटे वडिलांजवळ ‘रघुवंशा’चे सर्ग म्हणून दाखवावे लागत. आमचे थोरले चुलते, ज्यांना सारें घर भाऊकाका म्हणे, मुंबईस नोकरीला असत. गणेशचतुर्थीस ते घरीं आले ते एक लहानसें वाजविण्याचें यंत्र आणि ही तबकडी घेऊन. विघ्नहराचें दर्शन आटोपून मंडळी ओसरीवर जमली. माजघराच्या उंबऱ्याशीं आजी बसली, तिच्यामागें काकू, आई आणि आत्याबाई. आम्ही मुलें यंत्राभोंवतीं.

लढाईचीं गाणीं लागलीं तशीं आम्हां मुलांचीं अंगें शहारलीं. मध्येंच तो पाळणा सुरू झाला. आम्हांस वाटलें, आतां हें काय बायकी! भाऊकाका पान लावण्यांत गुंतले आहेत असें पाहून आम्हीं हळूच सुई उचलली आणि पुढें नेऊन ठेविली. तोंच आतून आजीचा आवाज आला, “अरे, कां काढलेंस तें? ती आपल्या जुन्नरचें नांव घेत होती!” भाऊकाकांनीं सुई पुन्हां मागें ठेविली आणि आजीनें तो पाळणा शेवटपर्यंत ऐकला. आम्ही मात्र तोंवर नदीवर निघून गेलों. आजीचें तें वाक्य ध्यानांत राहिलें. त्याचा अर्थ ध्यानांत येण्यास पुढें चाळीस वर्षें लागलीं.

यथाकाळ आम्ही शिक्षक झालों. शाळेंतला शिवजयंतीचा कार्यक्रम आमच्याकडे असे, आणि त्यांत ‘वेडात मराठे वीर’ हें गाणें ठरलेलें असे. सात उंच मुलें निवडावयाचीं, त्यांना फेटे बांधावयाचे, लांकडी तरवारी द्यावयाच्या, आणि मागें इतर मुलांचा घोळका. टाळ्यांचा कडकडाट होई. बसवितांना वेळेचा प्रश्न येई, म्हणून आम्ही गाणें थोडें आटोपशीर करीत असूं. शेवटचें कडवें गाळण्याचा प्रघात आम्हींच पाडला.

हें कडवें कोणतें, तें सांगितलें पाहिजे. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, तो प्रसंग नेसरीचा, तारीख २४ फेब्रुवारी १६७४. बहलोलखान एकदां तावडींत सांपडला असतां प्रतापरावांनीं त्यास जाऊं दिलें, महाराजांनीं त्याबद्दल कडक शब्दांत ठपका दिला, आणि तो ठपका जिव्हारीं लागून हे सात जण मरणावर धांवून गेले. कुसुमाग्रजांनीं कवितेचा शेवट विजयानें केलेला नाहीं. दगडांवर अजून घोड्यांच्या टाचा उमटलेल्या आहेत, ओढ्याच्या पाण्याला अजून रक्ताचा रंग आहे आणि वाऱ्यावर कोणीतरी अजून विराणी गात आहे, अशा आशयाचें तें कडवें आहे. विराणी म्हणजे विरहाचें, शोकाचें गाणें. सबंध कवितेची किल्ली त्या एका शब्दांत आहे, आणि तेंच कडवें ‘वेळ पुरत नाहीं’ या सबबीवर आम्ही वर्षानुवर्षें गाळीत आलों. आम्ही म्हणजे व्याकरणाचे आणि अर्थाचे शिक्षक!

त्या सातांत दरवर्षीं मधोमध उभा राहणारा आमचा एक विद्यार्थी होता. घर शेतकऱ्याचें, अंगानें दणकट, अभ्यासांत बेताचा, पण शब्दाचा पक्का. शाळा संपतांच तो सैन्यांत भरती झाला. रजेवर आला कीं आम्हांस भेटून जाई. सुमारें बारा वर्षांपूर्वीं उत्तर सीमेवर नेमणुकीला असतांना तो गेला. गांवानें त्याला मोठ्या मानानें निरोप दिला. तेव्हांही कर्ण्यावर तेंच गाणें होतें.

चारआठ दिवसांनीं आम्ही त्याच्या आईस भेटावयास गेलों. समाचाराला गेलेला माणूस जें बोलतो, तें आम्ही बोललों: वीरमरण, गांवाचें नांव, देशाचें ऋण. तिनें सारें ऐकून घेतलें. मग म्हणाली, “मास्तर, तुमी ते गानं बसवायचा. माझा पोर दर साली मधी उभा ऱ्हायाचा. मला एक सांगा, त्या सातांना आया नव्हत्या का वो? त्यांचं गानं नाही का कुनी केलं?”

तिच्या बोलण्यांत राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. “बघतों,” असें कांहींतरी पुटपुटून आम्ही उठलों.

त्या रात्रीं निजानीज झाल्यावर आम्हीं माळ्यावरून तें जुनें यंत्र खालीं काढलें. भाऊकाका जाऊन बरींच वर्षें झालीं होतीं. पण तबकडी त्यांनीं जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून नीट ठेविली होती. चाळीस वर्षांपूर्वीं जी सुई आम्हीं उचलली होती, ती त्या रात्रीं उचलली नाहीं.

गोविंदाग्रज म्हणजेच राम गणेश गडकरी. जन्म १८८५, मृत्यु १९१९. अवघें चौतीस वर्षांचेंही आयुष्य लाभलें नाहीं. त्यांची ही अंगाई जिजाबाईंच्या तोंडची आहे. रात्रीचा प्रहर उलटून गेला आहे, सारे उपाय थकले आहेत, आणि मूल कांहीं केल्या डोळा मिटीत नाहीं. आई त्याला सांगते कीं बारा मावळ निजले, शिवनेरी निजली, जुन्नर पेठ निजली, घाटाखालीं कोंकणही निजलें. एकटा तूंच कां रे जागा? आमच्या आजीनें चट्‌कन् कान टवकारले ते येथें. ओझरहून जुन्नर चारपांच कोसांवर. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० या दिवशीं ज्या किल्ल्यावर हें मूल जन्मलें, तो किल्ला आम्हां भोंवतालच्या गांवांना घरच्यासारखा आहे. आपल्या रोजच्या बाजाराच्या गांवाचें नांव अंगाईंत यावें आणि तें लताबाईंच्या गळ्यांतून यावें, यांत म्हातारीला काय वाटलें असेल, तें त्या रात्रीं आम्हांस कळलें.

पण कवीची खरी करामत पुढें आहे. निजत नाहींसें पाहून आई बागुलबुवाची भीति घालते. हा बागुलबुवा साधा नव्हे. सिद्दी, अफझलखान, विजापूरची मुलुखमैदान तोफ, हीं त्याचीं नांवें आहेत. आमच्या तुमच्या घरीं आई जी भीति घालते, ती खोटी असते हें तिला ठाऊक असतें. या आईनें घातलेली प्रत्येक भीति खरी आहे. तो अफझलखान १६५९ सालीं प्रतापगडाखालीं खरोखरच समोर येऊन उभा राहणार आहे. आपण ऐकणारे हें जाणतों. मूल जाणत नाहीं. आणि आई तें अर्धवट जाणते, असें त्या स्वरावरून वाटतें. चाल संथ आहे, शब्दाला कोठें धक्का लागत नाहीं. आवाज कोठेंही उंचावून ‘पाहा मी कशी गातें’ म्हणत नाहीं. गाणारी बाई पाळण्याच्या दोरीइतकीच हालते. म्हणूनच भीतीचीं नांवें येतात तेव्हां काळजांत चर्र होतें.

त्या माउलीच्या प्रश्नाचें उत्तर येथें होतें. सातांच्या आयांचें गाणें कोणी केलें नसेल. पण ज्याच्यासाठीं ते सात मेले, त्याच्या आईचें गाणें याच तबकडीवर होतें, आणि आम्हीं तें मुलांना कधीं ऐकविलें नव्हतें.

साहित्यशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर असें: भरतानें नाट्यशास्त्रांत आठ रस मानले. वीराचा स्थायी भाव उत्साह आणि करुणाचा शोक. पुढें साहित्यदर्पणकार विश्वनाथानें वत्सल हाही स्वतंत्र रस मानला आणि त्याचा आलंबनविभाव पुत्र हा सांगितला. या तबकडींत हे तिन्ही रस एकमेकांस टेकून उभे आहेत. वत्सलाची ओळख नसलेल्याला करुण कळत नाहीं. आणि करुणाची जाण नसलेला वीर म्हणजे केवळ आरडाओरडा. संयोजकांनीं ही जाण ठेवून गाणीं निवडलीं. आपणच त्यांतला उत्साह तेवढा उचलून घेतला आणि शोक व वात्सल्य तबकडींतच राहूं दिलें.

‘सरणार कधी रण’ हें गाणें या दृष्टीनें ऐकावें. पन्हाळ्याहून निघालेले महाराज विशाळगडाच्या वाटेवर आहेत, आणि १६६० च्या जुलै महिन्यांतल्या त्या दिवशीं बाजीप्रभु घोडखिंड अडवून उभे आहेत. गडावर पोहोंचल्याची तोफ ऐकूं येईपर्यंत मरण्याचीही मुभा नाहीं. दुसरा कोणी संगीतकार असता तर येथें नगारे बडविले असते. हृदयनाथांनीं चाल जड, थकलेली आणि वाट पाहणारी अशी बांधली. जखमी माणसाला श्वास पुरत नाहीं, तसा स्वर मध्येंच विसांवतो. हें गाणें लेझमीला उपयोगी नाहीं, म्हणून मिरवणुकींत वाजत नाहीं; पण कुसुमाग्रजांचे शब्द आणि ती चाल यांचा असा मेळ फार क्वचित् जमतो.

भूषणाचा ‘इंद्र जिमि’ हा छंद ब्रजभाषेंतला. उपमांची ती धांवती माळ, इंद्र, वडवानल, राम, वारा, एकामागून एक येत असतां एकही अक्षर गिळलें जात नाहीं. सावरकरांची कविता तर लांबलांब संस्कृत समासांची आहे. आम्हीं आयुष्यभर मुलांना समास सोडवावयास शिकविलें, म्हणून हें विशेष सांगतों कीं लताबाई समासाच्या मध्यें श्वास घेत नाहींत. पद जेथें पुरें होतें तेथेंच घेतात. जो विग्रह आम्ही फळ्यावर खडूनें दाखवीत असूं, तो त्या श्वासानें दाखवितात. आणि समर्थांच्या ओव्या गातांना तोच आवाज दागिने उतरवून ठेवल्यासारखा साधा होतो. पांच कवींच्या पांच भाषा एका गळ्यानें इतक्या वेगवेगळ्या ठेवाव्या, हेंही या तबकडीचें फारसें न बोललें गेलेलें यश आहे.

दोष नाहींतच असें नाहीं. निवेदन कांहीं ठिकाणीं ओजस्वी शब्दांच्या भरांत गाण्याला जागा सोडीत नाहीं असें आम्हांस वाटतें, आणि वृंदगायनाचा आवाज क्वचित् मुख्य स्वरावर चढतो. पण त्याच निवेदनानें निरनिराळ्या काळचीं पदें एका सूत्रांत ओंवलीं आहेत, हेंही विसरतां येत नाहीं. सूत्र जाड आहे म्हणून कोणी माळ टाकून देत नाहीं.

आतां पुढची हकीकत. पुढल्या शिवजयंतीला आम्हीं कार्यक्रमांत पालट केला. आधीं पाळणा, मग सातांचें गाणें, आणि शेवटचें कडवें न गाळतां. पाळणा म्हणावयास सातवींतल्या दोघी मुली निवडल्या. सहकाऱ्यांपैकीं एकदोघे म्हणाले, “गुरुजी, शिवजयंतीला अंगाई? मुलें पेंगतील.” मुलें पेंगलीं नाहींत. शेवटच्या कडव्यानंतर टाळ्या नेहमींपेक्षां उशिरां आणि कमी पडल्या. ती बाई बायकांच्या मागच्या रांगेंत बसली होती. पाळणा चालूं असतां मध्येंच उठून निघून गेली. आम्हांस वाटलें, चुकलें. जखमेवरची खपली आपण उगाच काढली. कित्येक दिवस तें मनाला लागून राहिलें.

मग एका सकाळीं तिचा पुतण्या नव्या बाजरीची पिशवी घेऊन दारांत उभा. म्हणाला, “चुलतीनं दिलीया. आन् सांगितलंय, ते पाळन्याचं गानं येत्या सालीबी बसवा.” आम्ही निवृत्त होईपर्यंत दरवर्षीं तें बसवीत आलों. नंतरच्या शिक्षकांनीं तो क्रम ठेविला कीं नाहीं, तें त्यांच्या स्वाधीन.

एक गोष्ट मात्र वाचकांपुढें ठेवून हा लेख पुरा करतों. महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजीं रायगडावर झाला. जिजाबाईंनीं तो डोळे भरून पाहिला, आणि अवघ्या अकरा दिवसांनीं, १७ जून रोजीं, गडाखालीं पाचाड येथें त्यांनीं देह ठेविला. ज्या राज्याभिषेकाच्या स्मरणार्थ ही तबकडी निघाली, त्या सोहळ्याला तो पाळणा गाणाऱ्या आईच्या अंताचीही कड आहे. मग तो पाळणा गाळून हा सोहळा कसा पुरा व्हावा?

आमच्या वाचकांच्या घरोघरीं मुलेंबाळें आहेत, आणि माजघराच्या उंबऱ्याशीं बसणारी एखादी आजीही असेल. एखाद्या संध्याकाळीं दिवेलागणीनंतर सर्वांनीं एकत्र बसून ‘शिवकल्याण राजा’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीनें ऐकावें. मध्यें कोणी सुई उचलूं लागला तर, आमच्या आजीनें विचारलें तसें, त्याला विचारावें, “अरे, कां काढलेंस तें?”